टायर पाहता, मग हबातलं बेअरिंग काहून नाही?

संपादक साहेब,

ऊन तापलं की आपल्याकडे समृद्धीवरच्या टायरची चर्चा सुरू होते, हवा किती ठेवायची, नायट्रोजन भरायचा का वगैरे, ते ठीकच आहे, पण चाकाच्या मधल्या तुंब्यात, म्हणजे हबात, जे टेपर बेअरिंग बसलेलं असतं, ज्याच्या रोलरवर चाक फिरते, त्याचं नाव कोणीच काढत नाही. मी वाडीत ट्रकच्या कामात आयुष्य घालवलं, म्हणून लिहितो.

वरचं वजन बहुतेक बेअरिंग झेलते हो, पण भरलेला ट्रक वळणावर घेतला की चाकाला बाजूनं जो रेटा बसतो तिथं खरी परीक्षा. टेपरचे रोलर तिरपे, म्हणून ते दोन्ही झेलते, आणि तिरपेपणा जास्त तितका बाजूचा रेटा जास्त घेते. हेन्री टिमकेन म्हणून अमेरिकेत घोडागाड्या बनवणारा माणूस होता, त्याचं 1898 चं पेटंट. पण एक बेअरिंग एकाच बाजूचा रेटा घेते, म्हणून हबात दोन लागतात, आत मोठं, बाहेर लहान, उलटसुलट तोंडाचे. मागच्या चाकांना जोर वाटून देणाऱ्या डिफरन्शियलच्या पिनियनवरही, म्हणजे त्यातल्या लहान दातेरी चाकावरही, अशीच जोडी. रेल्वेच्या मालडब्याच्या अ‍ॅक्सलवर दोन रांगांचं बंद काट्रिज, म्हणजे एकाच डब्यात बसवलेलं बेअरिंग, असते आणि लोखंड लाटणाऱ्या रोलिंग मिलच्या रोलला तर चार रांगांचं, ते हातानं उचलायची गोष्टच नाही.

आता दुखणं सांगतो. मागच्या मे मध्ये भाच्यानं एका गॅरेजात पुढच्या चाकाचं बेअरिंग बदलून घेतलं, तिथल्या पोरानं कोन, म्हणजे रोलरसकट आतली कडी, नवा टाकला आन कप, म्हणजे बाहेरची कडी, जुनाच ठेवला, वरून पाना लावून त्याला पाइप घालून नट आवळला, हबात ग्रीस ठासून भरलं. बुटीबोरीपर्यंत जळका वास! हबवर पाणी टाकलं तर चर्र झालं, उघडून पाहतो तर कप निळाकाळा पडलेला, रोलर जागेवर धरणाऱ्या जाळीचे तुकडे ग्रीसमध्ये.

अरे बाप्पा, कप आन कोन जोडीनंच बदलतात. चाक फिरवत फिरवत नट आवळायचा, रोलर बसले की थोडा सैल सोडायचा, चाक मोकळं फिरलं पाहिजे पण हातानं हलवलं तर डुगडुगता कामा नये, मग नट फिरू नये म्हणून नवीन पिन. ग्रीस तळहातानं जाळीत दाबून भरायचं, हब गच्च भरला तर ते आतल्या आत घुसळून आणखी तापते.

टायर तपासणाऱ्यांनी जॅक लावून चाक एकदा हलवून पाहावं. आणि ड्रायव्हर भाऊंनो, चहाला थांबले की चारही हबांजवळ हात नेऊन पाहा, एखादाच जास्त तापला असेल तर गाडी पुढे नेऊ नका.

आपला,
एक जुना फिटर, वाडी, नागपूर