पासबुकातला डावीकडचा आकडा

चि. ओंकार,
अनेक आशीर्वाद.

भाऊबीजेला पासबुकावरून जे झालं ते बाबा विसरले आहेत. तू विसरला नसशील, म्हणून लिहिते. ४७,३०० च्या जागी त्यांनी ७,३०० वाचले, बाकीचे कुठे गेले म्हणून तुझ्यावर घसरले आणि तू ताटावरून उठून गाडी गाठलीस. आत्या म्हणते ते संशयी झालेत. तू म्हणालास मुद्दाम करतात. दोन्ही खरं नाही. त्या आकड्यातला ४ त्यांच्यापर्यंत पोचलाच नाही.

नीट बघितलंस तर सगळीकडे तेच चाललंय. ताटात उजवीकडची भाजी-आमटी संपते, डावीकडची चटणी-कोशिंबीर वाढली तशी राहते. दाढी उजव्या गालाची होते. पेपरात 'परदेश'चा 'देश' होतो, 'अपघात'चा 'घात', 'उपनगर'चं 'नगर'. मग बातमीचा अर्थ लागत नाही आणि पेपरवाल्यांना मराठी येत नाही म्हणून चिडतात. याला नेग्लेक्ट म्हणतात. बाबांना झाला तशा मेंदूच्या उजव्या बाजूच्या स्ट्रोकमध्ये हे फार दिसतं. डोळ्यांचा दोष नव्हे. ज्याची अर्धी नजर जाते तो मान वळवून भरून काढायला शिकतो, कारण काहीतरी दिसत नाही हे त्याला कळतं. नेग्लेक्टमध्ये डावीकडे काही आहे हेच मनात येत नाही, मग मान वळवायची कशासाठी?

१९७८ मध्ये मिलानला बिसियाक आणि लुझ्झात्ती या दोघांनी अशा रुग्णांना तिथल्या कॅथीड्रलसमोरचा चौक आठवून सांगायला लावला. कॅथीड्रलकडे तोंड आहे असं धरून सांगताना उजव्या हाताच्याच इमारती आल्या. मग उलट टोकाला, कॅथीड्रलला पाठ करून उभे आहात म्हटल्यावर मघाशी गाळलेल्या आल्या आणि मघाच्या गळाल्या. आठवण शाबूत, फक्त तिच्या डाव्या अंगाला लक्ष फिरकत नाही. बाबांना गणपतीच्या देवळाकडे तोंड करून पेठेतली दुकानं विचार आणि मग देवळाला पाठ करून विचार. तुझी खात्री पटावी म्हणून एकदाच. त्यांची परीक्षा घेत बसू नकोस.

हातपाय सुधारले तर डोकं मागे का, हे तू विचारलंस ते रास्त होतं. हाताची ताकद बरीचशी एका ठरावीक जागेवर आणि तिथून मणक्यात उतरणाऱ्या तंतूंच्या जुडग्यावर असते. ते वाचलं की हात वाचतो. लक्ष, स्मरण, बेत आखणं ही कामं एका जागेची नाहीत. लांबलांबच्या भागांचा एकमेकांशी सतत संपर्क असेल तरच ती होतात. सेंट लुइसच्या वॉशिंग्टन विद्यापीठातल्या गटाने २०१६ मध्ये हेच दाखवलं. हालचाल आणि दृष्टी किती बिघडली याचा अंदाज इजा कुठे झाली यावरून जास्त चांगला येतो; स्मरणशक्तीचा अंदाज मात्र त्या भागांमधला संपर्क किती तुटला यावरून. याच गटाच्या २००७ च्या कामात नेग्लेक्ट होता. लक्ष सांभाळणाऱ्या डाव्या-उजव्या जागा एरवी एका लयीत चढतात-उतरतात. ती लय जितकी सुटलेली, तितका डावीकडचा विसर जास्त. काही महिन्यांनी जे सुधारले त्यांच्यात ती पुन्हा जुळत आली होती. उजवी बाजू थंडावली की डावी शिरजोर होते आणि लक्ष उजवीकडे खेचत राहते, असंही दिसतं. जिथे इजाच झाली नाही असा लांबचा भागही जोड तुटल्याने मंदावतो, हे झुरिकच्या फॉन मोनाकोव्हने १९१४ मध्येच मांडलं होतं. या कामातले आम्ही लोक त्याला डायस्कायसिस म्हणतो. म्हणून एमआरआयमधल्या डागाच्या आकारावर जाऊ नकोस. २००५ मध्ये पॅरिसला रुग्ण जागे असताना मेंदूची शस्त्रक्रिया चालली होती. उजव्या बाजूला पुढचा आणि मागचा भाग जोडणाऱ्या तंतूंना विजेचा बारीक झटका दिला की रेघेचा मध्य दाखवणारा हात उजवीकडे सरके. झटका थांबला की पुन्हा बरोबर. इतकं ते त्या जोडावर आहे.

आणि बाबांची नस बंद पडली त्यामागे कितीतरी वर्षांचं बीपी होतं. आजोबांचंही तेच. तू मोजलंस का? राहू दे, त्यासाठी हे पत्र नाही.

व्हिडिओ कॉलवर सुरुवात उजवीकडूनच कर. आत्या फोन धरते, तिला सांग की आधी उजवीकडे धर, त्यांची नजर पडली की बोलत बोलत हळूहळू मध्यावर आण, मग थोडा डावीकडे. एकदम डावीकडून हाक मारलीस तर ते उजवीकडे शोधतात, तुला वाटतं ऐकत नाहीत, आणि पुन्हा तेच सुरू होतं. येशील तेव्हा त्यांच्या डाव्या हाताला बस. पाणी, घंटी, चष्मा मात्र उजवीकडेच. काका प्रेमाने सगळंच उजवीकडे ठेवतात, मग डावीकडे वळायची सवय कधी लागणार? आणि सगळंच डावीकडे ठेवलं तर माणूस तहानलेला राहतो. गरम चहा तर डावीकडे कधीच नको.

पेपराच्या डाव्या कडेला बोटभर रुंद लाल पट्टी लावलीये. एकच कॉलम दिसेल अशी घडी घालायची. प्रत्येक ओळीला आधी पट्टी शोधायची, तिथे बोट टेकवायचं, मगच वाचायचं. बोट डाव्या हाताचं असेल तर उत्तम, कारण डावा हात डावीकडे हलवला की लक्षही तिकडे जायला मदत होते. सुरुवातीला दर ओळीला 'पट्टी' म्हणावं लागतं, मग दोन ओळींआड, मग नुसता खाकरा पुरतो. हा आधार कमी करत नेणं हेच खरं काम आणि घरचे चुकतात ते इथेच. ताट फिरवून दिलं की चटणी संपते खरी, पण ते जेवण झालं, सराव नाही. सदरा घालताना डावी बाही आधी. स्कूटरची किल्ली मागतील. कितीही गोड बोलले तरी द्यायची नाही. डावीकडून येणारी सायकल त्यांच्यासाठी नसतेच.

आपल्याला काही झालंय हेच त्यांना पटत नाही, हाही त्याच इजेचा भाग. वाद घालून ते पटत नाही. पासबुकावरही रकमांच्या रकान्याच्या डावीकडे लाल रेघ मार आणि प्रत्येक आकडा डावीकडून एकेक करून मोठ्याने वाचून घे: चार, सात, तीन. सही आणि ओटीपीचं काम तूर्त तुझ्याकडे.

गंमत म्हणजे तोंडी हिशेब त्यांना आजही बिनचूक येतो, कारण त्यात कुठे बघावं लागत नाही. सोसायटीचा ताळेबंद नुसता ऐकून चूक सांगणारा माणूस तो. पावकी, निमकी, पाऊणकी त्यांनी तुझ्याकडून अंगणात फेऱ्या मारत घोकून घेतली. औटकीला, म्हणजे साडेतीनच्या पाढ्याला, तू रडायचास आणि तेच मागून हळूच उत्तर सांगायचे, मला कळू न देता. तुला पहिली नोकरी लागली तेव्हा चौकात चारचौघांना पगाराचा आकडा सांगून आले होते. तोंडावर कधी कौतुक केलं नाही हे मला माहीत आहे. पासबुकाचा सराव सोडला तर त्यांना रकमा वाचायला देण्याऐवजी सांगत जा. जमाखर्च त्यांच्या हातात राहील.

तू पाठवलेली ताकदीची औषधं मी बाजूला ठेवली आहेत. त्यातलं सिटिकोलिन २०१२ च्या एका मोठ्या चाचणीत २,२९८ जणांवर तपासलं गेलं. स्ट्रोकनंतर २४ तासांत सुरू करून सहा आठवडे देऊनही नुसत्या दिखाऊ गोळीपेक्षा फरक पडला नाही. मोबाइलवरच्या मेंदूच्या खेळांनी माणूस तो खेळ खेळण्यात तरबेज होतो, ताटातली चटणी तशीच राहते. त्यापेक्षा चहा करायला लाव: भांडं, पाणी, साखर, पावडर, दूध, सगळं ओट्यावर पसरून, निम्मं डावीकडे. शेगडीपाशी कोणीतरी उभं हवं. वीस मिनिटं काम, मग विश्रांती. थकले की नेग्लेक्ट वाढतो, म्हणून संध्याकाळी जास्त चुका होतात. काकांनी दिलेली झोपेची अर्धी गोळी मी बंद करायला लावली, तिने डोकं आणखी जड होतं. रक्त पातळ करणारी आणि कोलेस्टेरॉलची गोळी मात्र एक दिवसही चुकवायची नाही. गप्प बसणं वाढलं तर डॉक्टरांना सांगायचं. स्ट्रोकनंतर साधारण तिघांत एकाला नैराश्य येतं आणि घरचे त्याला आळस म्हणतात.

फार झालं ना? जन्म अशा रुग्णांच्याच कामात गेला, घरच्यांशीही तसंच बोललं जातं. रागावू नकोस. बहुतेक सुधारणा पहिल्या तीन महिन्यांत होते आणि ते महिने संपत आलेत, म्हणून घाई करते. पुढेही सुधारणा होते, पण सावकाश आणि सराव केला त्याच कामात.

आणि हो, तुझ्या बीपीचं लिहितेच. सकाळी-संध्याकाळी, सात दिवस. अर्धा तास आधी चहा-सिगारेट नाही. पाठ टेकून, पाय जमिनीवर, दंड छातीच्या पातळीला, पाच मिनिटं गप्प बसून. एका मिनिटाच्या अंतराने दोनदा मोजायचं. पहिला दिवस सोडून बाकीच्यांची सरासरी १३५/८५ किंवा वर आली तर डॉक्टर गाठायचा. 'मला काही त्रास होत नाही' हे ऐकवू नकोस. बाबाही तेच म्हणायचे.

पुढच्या आठवड्यात बाबांची मोकाची चाचणी आहे, स्मरण-लक्ष वगैरे तपासणारी, ३० गुणांची. घड्याळ काढायला सांगतील, सगळे आकडे उजवीकडे कोंबले जातील आणि गुण जातील. ते बुद्धी कमी झाल्याचे गुण नव्हेत, हे डॉक्टरांकडून वेगळं लिहून घेणार आहे. बाबांना फोन सकाळी कर, त्या वेळी ते ताजे असतात.

तुझी,
आई

ता.क. बीपीचं मशीन मनगटाचं घेऊ नकोस, दंडाचं घे. आधी टेपने दंडाचा घेर मोज आणि त्या मापाचा कफ माग. कफ लहान पडला तर आकडा उगाच जास्त येतो आणि मग तू म्हणशील मशीनच बिघडलंय.