कंबरदुखीचं ढोंग पाच मिनिटांत कसं कळतं?

मा. संपादक,
स.न.वि.वि.

खोट्या अपघात दाव्यांवरची कालची बातमी वाचून रात्री झोप लागली नाही. ‘एमआरआय नॉर्मल असूनही कण्हतो तो ढोंगी’ असं विमा कंपनीचा माणूस म्हणणार आणि आपण ते जसंच्या तसं छापणार? मी अमळनेरला फिजिओथेरपी करते. 1994 साली अमेरिकेत कंबर न दुखणाऱ्या 98 जणांचे एमआरआय काढले होते. त्यातल्या 52 टक्के लोकांच्या मणक्यातली एखादी तरी गादी फुगलेली निघाली. गादी फुगूनही दुखत नाही, तसं एमआरआय स्वच्छ असूनही दुखू शकतं.

माझा मावसभाऊ जिनिंगमध्ये कापसाच्या गाठी उचलायचा. एरंडोलजवळ रात्री त्याची मोटारसायकल कापसाच्या ट्रॉलीवर मागून आदळली. दाव्यात कंपनीच्या डॉक्टरांनी त्याला तपासलं, तेव्हा मी सोबत होते. त्यांनी डोक्यावर हात ठेवून खाली दाबलं आणि विचारलं, कंबरेत दुखतं का? तो हो म्हणाला. मग झोपवून पाय उचलला, नंतर बसवून उचलला. झालं. अहवालात लिहिलं, ‘लक्षणे फुगवून सांगतो.’

डोकं दाबल्यावर कंबर दुखणं, झोपून पाय उचलला की दुखणं पण बसून उचलला की न दुखणं, अशा खुणा गॉर्डन वॉडेल या सर्जनने 1980 साली मांडल्या. वेदनेत भीती आणि मनाचा ताण किती मिसळलाय ते कळावं, म्हणजे उपचार नीट ठरवता येतील, एवढ्यासाठी. खोटारडा पकडायला त्या वापरू नका, असं त्यांनी स्वतः 1998 मध्ये पुन्हा लिहून बजावलं. शिवाय या खुणांच्या पाच प्रकारांपैकी तीन तरी जुळावे लागतात. इथे दोन पाहिले आणि माणूस लबाड ठरला!

वर श्रावणातलं मोबाइल चित्रीकरण हजर केलं. आमच्या खानदेशातल्या कानबाई देवीच्या मिरवणुकीत तो चार पावलं नाचला होता. त्यानंतर त्याला खाटेवरून उठवायला दोघं लागायचे, ते कोणी टिपलं नाही. “ताई, माले काय हौस शे का कंबर धरीसन बसानी?” असं तो मला विचारतो.

खोटे दावे होतात, मी नाकारत नाही. रुग्णावर उपचार न करताच अपंगत्वाचे दाखले सढळ हाताने देणाऱ्या डॉक्टरांबद्दल सर्वोच्च न्यायालयानेच 2010 मध्ये राजकुमार विरुद्ध अजयकुमार खटल्यात सावध केलंय. पण त्याच निकालात म्हटलंय की अपघाताचे दावे ऐकणाऱ्या न्यायाधिकरणाने मूक प्रेक्षक होऊ नये, दुखापतीने माणसाच्या कमाईवर काय परिणाम झाला ते शोधावं, गरज पडली तर वैद्यकीय मंडळाकडे पाठवावं. ही अर्धी बाजू आपल्या बातमीत कुठेच नाही. कंपनीच्या डॉक्टरांनी कोणत्या चाचण्या केल्या, किती वेळ तपासलं, हे अहवालात लिहायला लावा आणि त्याची प्रत जखमीला द्या, एवढं तरी आपण छापा.

आणि एक. कापसाचा हंगाम आला की महामार्गावर रात्री ट्रॉल्या उभ्या असतात, मागे ना दिवा ना रिफ्लेक्टर. मावसभाऊ ज्या ट्रॉलीवर आदळला तिलाही नव्हता. त्याची बातमी आपल्या वार्ताहराने कधी करायची?

– एक फिजिओथेरपिस्ट, अमळनेर