आमच्या इमारतीखालच्या झेरॉक्सवाल्या दादांना जाहीर आभारपत्र

गिरगाव, मुंबई
२९ सप्टेंबर

आदरणीय दादा,

सप्रेम नमस्कार, विनंती विशेष.

आपले दुकान आमच्या इमारतीच्या जिन्याला लागूनच आहे आणि दिवसातून दोनदा तरी आपली गाठ पडते, तेव्हा दारात उभे राहून सांगता आले असते ते कागदावर कशासाठी, असे आपल्याला वाटेल. पण ११ सप्टेंबरच्या रात्री आपण आमच्या गृहनिर्माण संस्थेचा बंद पडलेला प्रिंटर चालू करून दिलात, तो विषय मी काढला, की आपण ‘अहो काकू, त्यात काय एवढं’ म्हणून गिऱ्हाइकाकडे वळता, आणि माझे बोलणे अर्धेच राहते. शिवाय आमच्यासारखी अडचण आसपासच्या वाड्यांतल्या इतर संस्थांच्या सचिवांनाही कधी ना कधी येणारच, म्हणून हे पत्र उघडपणे लिहीत आहे.

आमच्या संस्थेचे आर्थिक वर्ष ३१ मार्चला संपते आणि वार्षिक सर्वसाधारण सभा ३० सप्टेंबरच्या आत घ्यावी लागते. सभेची नोटीस १४ पूर्ण दिवस आधी सदस्यांच्या हाती पडली पाहिजे, आणि त्यात नोटीस देण्याचा दिवसही धरत नाहीत आणि सभेचा दिवसही धरत नाहीत. सभा रविवारी २८ तारखेला ठरली होती, म्हणजे नोटिसा वाटायला १३ तारीख ही शेवटची. सदस्य ८४ आणि प्रत्येकाला नोटीस, मागील सभेचे इतिवृत्त, ताळेबंद व जमाखर्च मिळून ११ पाने. बुधवारी, १० तारखेच्या रात्री वीज गेली, तासाभराने आली, आणि गुरुवारी सकाळी कॉम्प्युटरने प्रिंटर ‘ऑफलाइन’ असल्याचे जाहीर केले.

त्यानंतर दिवसभर आम्ही जे उद्योग केले ते लपवण्यात अर्थ नाही, कारण त्यातले निम्मे आपल्यालाच निस्तरावे लागले. प्रिंटर चार वेळा बंद करून चालू केला. ‘प्रिंट’चे बटण मी किती वेळा दाबले याची मोजदाद नाही. खजिनदारांनी प्रिंटर कॉम्प्युटरमधून काढून पुन्हा जोडला, तेव्हा यादीत त्याच नावाचे तीन प्रिंटर दिसू लागले आणि तिन्ही ऑफलाइन. झाडलोट करणाऱ्या बाईंनी वायर ओढली असणार, असा ठपकाही आम्ही ठेवून मोकळे झालो. दुपारी दुरुस्तीच्या माणसाला फोन लावला. त्याने कॉम्प्युटरवरून प्रिंटरच्या नेटवर्कवरच्या पत्त्याला ‘पिंग’ करून, म्हणजे साद घालून, बघा असे सांगितले, उत्तर येत असल्याचे ऐकताच ‘म्हणजे नेटवर्क ठीक आहे, मशीनच गेले’ असा निकाल दिला आणि नवीन प्रिंटरचा भावही ऐकवला. त्यावर विश्वास ठेवून मी सभेच्या विषयपत्रिकेत विषय क्रमांक ७ म्हणून ‘नवीन प्रिंटर खरेदीस मंजुरी’ हे वाक्य टंकले.

संध्याकाळी मी पेन ड्राइव्ह घेऊन आपल्या दुकानात आले, ती सगळी पाने आपल्याकडेच छापून घेण्यासाठी. ८४ गुणिले ११ म्हणजे ९२४ पाने, आणि पानाला दोन रुपये या आपल्या दराने १,८४८ रुपये होत होते. गुरुवारच्या संध्याकाळी असे काम स्वतःच्या पायांनी दुकानात आले असताना आपण मला विचारलेत, ‘काकू, छापून देतो, पण प्रिंटरला नेमकं झालंय काय?’ हा प्रश्न दिवसभरात दुसऱ्या कोणीही विचारला नव्हता. सगळे उपाय सांगत होते.

साडेनऊला शटर ओढून आपण वर आलात आणि सुरुवातीची दहा मिनिटे कॉम्प्युटरला हातही लावला नाहीत, हे मला विशेष वाटले. आधी प्रिंटरच्या मागे वाकून नेटवर्कची वायर जिथे खोचली आहे तिथला बारीक हिरवा दिवा लुकलुकतो आहे ना, ते पाहिलेत. मग प्रिंटरच्याच बटणांवरून त्याचे कॉन्फिगरेशन पेज, म्हणजे त्याच्या सेटिंगची माहिती देणारे पान, छापलेत. पान स्वच्छ बाहेर आले. मशीन कागद ओढते, टोनर उमटतो, वायर शाबूत आहे, हे तेवढ्यात सिद्ध झाले, आणि ‘मशीनच गेले’ हा दुपारचा निकाल तिथेच रद्द झाला. त्या पानावर प्रिंटरचा आयपी पत्ता, म्हणजे नेटवर्कवरचा त्याचा क्रमांक, होता १९२.१६८.१.७. तो १६९.२५४ ने सुरू होत असता तर राउटरकडून प्रिंटरला पत्ताच मिळालेला नाही असा अर्थ झाला असता आणि वेगळ्या दिशेने जावे लागले असते, हेही आपण जाता जाता सांगितलेत.

त्यानंतर कॉम्प्युटरमध्ये प्रिंटर प्रॉपर्टीज उघडून, छापायची कामे कोणत्या पत्त्यावर जातात ते दाखवणाऱ्या ‘पोर्ट्स’ या पानावर आपण बोट ठेवलेत. तिथे पत्ता होता १९२.१६८.१.४. म्हणजे प्रिंटर सातवर बसला होता आणि कॉम्प्युटर चारचे दार ठोठावत होता. पण मग दुपारी चारवरून उत्तर कसे आले? हे मी विचारल्यावर आपण हसलात आणि तोच पत्ता ब्राउझरमध्ये टाकलात, तर समोर उघडले सीसीटीव्हीच्या डीव्हीआरचे, म्हणजे चित्रण साठवणाऱ्या यंत्राचे, लॉगिनचे पान! चाळीत खोली क्रमांक चारची कडी वाजवली आणि आतून ‘ओ’ आली, एवढ्यावरून आत जुनेच बिऱ्हाड आहे असे समजायचे नसते, हे आपले वाक्य मी विसरणार नाही. कारण मीही चाळीतच वाढले, आणि जुन्या पत्त्यावर येणारी पत्रे कशी भटकतात ते पाहिलेले आहे.

कारणही आपण मला पटेल असे उलगडून सांगितलेत. घरगुती राउटर आपल्या जाळ्यातल्या यंत्रांना पत्ते वाटतो ते मुदतीच्या बोलीवर. एरवी यंत्र आपला जुनाच पत्ता पुन्हा मागते आणि तो मिळतोही, त्यामुळे वर्षानुवर्षे काही बिघडत नाही. पण वीज गेली की अनेक राउटरांच्या स्मरणातली ही वाटपाची नोंद पुसली जाते, आणि वीज आल्यावर जो आधी जागा होतो त्याला लहान आकडा मिळण्याची शक्यता असते. आमचा प्रिंटर तापून सज्ज होईपर्यंत डीव्हीआरने चार क्रमांक पटकावला होता. कॉम्प्युटरला याची खबर देणारे कोणी नव्हते.

पोर्ट लगेच बदलावा, असे मी सुचवले तेव्हा आपण मला थांबवलेत. आधी स्पूलर ही छापायची कामे रांगेत लावणारी सेवा बंद करून स्पूलच्या फोल्डरमध्ये अडकलेली कामे पुसलीत. ती निघाली २३. वाट मोकळी होताच एकामागून एक २५३ पाने बाहेर पडली असती आणि टोनरची वाट लागली असती. माझ्या अधीर बोटांचा हा हिशेब खजिनदारांसमोर मांडला गेला, याबद्दल मात्र मी आपले आभार मानणार नाही. जादा झालेले दोन प्रिंटर यादीतून काढून, स्पूलर पुन्हा सुरू करून, मगच आपण खऱ्या दुरुस्तीकडे वळलात.

ती दुरुस्ती आपण कॉम्प्युटरवर नव्हे, राउटरवर केलीत. कॉन्फिगरेशन पेजवर प्रिंटरचा बारा अंकाक्षरांचा मॅक पत्ता, म्हणजे त्या यंत्राचा स्वतःचा ओळखक्रमांक, छापलेला होता. तो राउटरच्या रिझर्व्हेशनमध्ये नोंदवून १९२.१६८.१.५० हा पत्ता त्याच्यासाठी कायमचा राखून ठेवलात. पत्ता थेट प्रिंटरमध्येच पक्का का करू नये, या खजिनदारांच्या शंकेला आपण उत्तर दिलेत की त्याची राउटरला खबर राहत नाही, आणि तो आकडा वाटपाच्या टप्प्यातला असेल तर राउटर उद्या दुसऱ्या कोणाला देऊन बसेल. मग दोघांचे भांडण. त्यानंतर कॉम्प्युटरमध्ये या पत्त्याचा नवा टीसीपी/आयपी पोर्ट, क्रमांक ९१००, तयार केलात आणि ‘एसएनएमपी स्टेटस’ची, म्हणजे कॉम्प्युटरने प्रिंटरची हालहवाल विचारत राहण्याच्या सोयीची, खूण काढलीत. आमच्या बिघाडाचे ते कारण नव्हते, पण या चौकशीला प्रिंटरने उत्तर दिले नाही तर तो छापायला तयार असतानाही विंडोज त्याला ऑफलाइन ठरवू शकते, असे आपण म्हणालात.

माझ्या भाच्याने मध्येच फोनवरून २०२१ सालची आठवण काढली होती, त्या वर्षी विंडोजच्या सुरक्षा अपडेटनंतर ठिकठिकाणी सामायिक प्रिंटर बंद पडले होते ती. आपण त्याचे म्हणणे खोडून काढले नाहीत, फक्त सांगितलेत की तो प्रश्न एका कॉम्प्युटरच्या आधाराने दुसऱ्याने छापण्याचा होता, आणि आपला कॉम्प्युटर तर प्रिंटरशी थेट बोलतो. खजिनदारांच्या लॅपटॉपला प्रिंटर दिसत नव्हता तो निराळ्याच कारणाने. ते पाहुण्यांसाठीच्या वायफायवर होते, आणि त्या वायफायवरून आतली यंत्रे दिसू नयेत अशीच आमच्या राउटरची व्यवस्था आहे.

चाचणीचे पान छापले तेव्हा सव्वादहा झाले होते. आम्ही टाळ्या वाजवण्याच्या बेतात होतो, आणि आपण सरळ जाऊन कार्यालयाचा मेन स्विच खाली ओढलात. अंधारात दोन मिनिटे आम्ही तिघे काही न बोलता उभे होतो. मग आपण आधी राउटर आणि डीव्हीआर लावलेत, त्यांना चांगला वेळ दिलात, आणि सर्वांत शेवटी प्रिंटर. बुधवारी रात्री जे आपोआप घडले ते आपण मुद्दाम घडवून आणलेत. प्रिंटर पन्नासवरच आला आणि पान बाहेर पडले. बिघाड गेला असे म्हणणारे पुष्कळ भेटतात. तो पुन्हा आणून दाखवण्याचा प्रयत्न करणारा माणूस मी माझ्या नोकरीच्या पस्तीस वर्षांतही क्वचितच पाहिला.

शुक्रवारी दुपारपर्यंत ९२४ पाने छापून झाली, शनिवारी सकाळी ८४ घरी पोचली आणि काल सभा रीतसर पार पडली. विषय क्रमांक ७ छापण्यापूर्वीच काढून टाकला होता. बाईंची मी दुसऱ्याच दिवशी माफी मागितली. त्यावर ‘मी त्या वायरीला कधी हातच लावत नाही, शॉक बसेल म्हणून’ असे त्यांनी सांगितले, आणि हे त्यांना आधी विचारायचे कोणालाच सुचले नव्हते. ते कॉन्फिगरेशन पेज, आपण पेनाने वर्तुळ केलेल्या पत्त्यासह, प्रिंटरवरच्या भिंतीला चिकटवले आहे.

सभेत आपल्या आभाराचा ठराव मी मांडला व तो एकमताने संमत झाला. नाव घालू नका असे आपण बजावले होते, म्हणून इतिवृत्तात ‘इमारतीखालील झेरॉक्स दुकानाचे चालक’ एवढेच लिहिले आहे. त्या रात्रीचे पैसे आपण घेतले नाहीत आणि चहाही अर्धाच टाकून गेलात. येत्या सोमवारी मी लेखापरीक्षण अहवालाच्या सहा प्रती स्पायरल बाइंडिंगसाठी घेऊन येत आहे. त्याचे बिल आपण पूर्ण लावायचे आहे.

आपली कृतज्ञ,
सचिव,
इमारतीची सहकारी गृहनिर्माण संस्था