चाचणी आमच्यापर्यंत आणणाऱ्या संशोधन समन्वयक ताईंना

आदरणीय ताई,
सप्रेम नमस्कार.

माझ्या मुलीची औषधाच्या चाचणीतली शेवटची भेट मागच्या आठवड्यात पार पडली. निघताना आपले आभार मानायचे मनात होते, पण सह्या करण्यात आणि तिच्या हातावरची पट्टी काढण्यात वेळ गेला आणि बोलायचे राहूनच गेले. हे पत्र मी उघडपणे लिहीत आहे, कारण आपण करता ते काम इतर पालकांनाही कळावे असे मला मनापासून वाटते.

चाचणीआधीची दोन वर्षे मी रोज रात्री मोठ्यांसाठी बनवलेली गोळी ब्लेडने कापून तिचे चार भाग करत असे. चारही तुकडे कधीच सारखे होत नसत, आणि खाली पडलेला चुरा नेमका कोणत्या तुकड्याचा, हे ठरवता येत नसे. डॉक्टरांचा त्यात दोष नव्हता. ते औषध मुलांवर तपासलेलेच नसल्यामुळे वजनावरून अंदाज करण्यावाचून त्यांच्याकडे मार्ग नव्हता. वजन निम्मे म्हणून डोस निम्मा, हा हिशेब मुलांच्या शरीराला लागू पडतोच असे नाही, हे आपण पहिल्याच भेटीत समजावलेत. क्लोरॅम्फेनिकॉल हे जंतुनाशक औषध (अँटिबायोटिक) दिलेली काही नवजात बाळे राखाडी पडून दगावत होती, कारण त्यांच्या अपक्व यकृताला ते औषध निकामी करता येत नव्हते, आणि हे १९५९ साली उघड झाले, ही हकिकत आपणच सांगितलीत. त्यानंतर गोळी कापायला बसलो की मला ती आठवत असे.

त्याआधी एकदा दूरच्या मोठ्या रुग्णालयातली एक चाचणी आम्हाला सुचवली गेली होती. प्रत्येक भेटीसाठी दोन दिवसांचा प्रवास, रजा आणि बुडणारी शाळा यांचा विचार करून आम्ही नाही म्हटले. आपल्या रुग्णालयांच्या विभागीय जाळ्यामुळे तीच तपासणी, त्याच नियमांनी, घरापासून तासाभराच्या अंतरावर होऊ लागली. दुर्मीळ आजाराची तीन-चार मुलेच एखाद्या रुग्णालयात असतात. अनेक केंद्रांनी एकच आराखडा पाळून एकत्र नोंदी ठेवल्या, तरच उत्तर मिळण्याइतकी संख्या जमते. मुलांमधल्या तीव्र लिम्फोब्लास्टिक रक्तकर्करोगात, जिथे उपचार नीट उपलब्ध आहेत तिथे, आज सुमारे ९० टक्के मुले पाच वर्षांनंतरही जिवंत असतात, यामागे रुग्णालयांच्या अशाच सहकार्याचा मोठा वाटा आहे. अमेरिकेत २०१६ साली उभे राहिलेले बालचाचण्यांचे जाळे तर मुद्दाम अशा राज्यांत विणले गेले, ज्यांना संशोधनाचा निधी पूर्वीपासून कमी मिळत आला होता. मला ही निवड फार योग्य वाटते, कारण आजारी मूल कुठे राहते यावर त्याला संशोधनात स्थान मिळावे की नाही, हे ठरू नये.

तरीही मला सर्वांत जास्त आठवते ते आपले बोलणे. हे संशोधन आहे, हमखास उपचार नव्हे. मुलीला नवे औषध मिळेल की जुनेच, हे आपल्यापैकी कुणीही ठरवणार नाही. आणि कधीही बाहेर पडलात तरी तिच्या नेहमीच्या उपचारात खंड पडणार नाही, हे आपण संमतीपत्रावर सही घेण्याआधी दोनदा सांगितलेत. मग मला बाजूला बसवून आपण चित्रांचा कागद तिच्यापुढे ठेवलात आणि किती रक्त घेणार ते चमच्यात पाणी ओतून दाखवलेत. तिसऱ्या भेटीत ती सुईला नाही म्हणाली. मी तिला समजवायला पुढे झालो, तेव्हा आपण मला हातानेच थांबवलेत, वहीत तशी नोंद केलीत आणि त्या दिवशीचा नमुना सोडून दिलात. पुढच्या भेटीत तिने आपणहून बाही वर केली.

चाचणीचे निष्कर्ष हाती येतील तेव्हा, ते औषधाच्या बाजूने असोत वा नसोत, आम्हाला जरूर कळवावेत ही विनंती. चित्रांच्या त्या कागदावरचा प्रत्येक चौकोन मुलीने भेटीगणिक रंगवला आहे. ‘उत्तर’ असे लिहिलेला शेवटचा चौकोन तिने कोरा ठेवला आहे.

आपला कृतज्ञ,
एक पालक