सर्व्हरवरची दाखल नोंदवही पुन्हा हाती दिल्याबद्दल

सन्माननीय महोदय,
स. न. वि. वि.

आमच्या सार्वजनिक वाचनालयाच्या देवघेव विभागात नवा संगणक आला आणि त्यावरून सर्व्हरवरचे सामायिक फोल्डर काही केल्या उघडेना. दाखल नोंदवही, सभासदांची यादी, जुन्या दिवाळी अंकांची स्कॅन केलेली पाने असे सारे त्याच फोल्डरमध्ये असल्याने आम्ही पेन ड्राइव्हने फाइलींची ने-आण करू लागलो, आणि होता होता नोंदवहीच्या दोन प्रती झाल्या. एकीत चढवलेली चाळीस पुस्तके दुसरीत नव्हतीच. ही अडचण आपण एका संध्याकाळी फोनवरून दूर केलीत, त्याबद्दल हे जाहीर आभारपत्र.

आपण सर्वप्रथम पडद्यावरचा संदेश जसाच्या तसा वाचायला सांगितलात. संस्थेच्या सुरक्षा धोरणानुसार ओळख न पटलेल्या पाहुण्यास प्रवेश नाही, अशा अर्थाचा तो मजकूर होता. आमच्या कार्यकारिणीने असे कोणतेही धोरण ठरवले नसल्याने आम्ही त्याकडे आठवडाभर लक्षच दिले नव्हते, आणि उत्तर नेमके त्यातच होते. जुना संगणक इतकी वर्षे पासवर्डाविना, पाहुणा म्हणून आत जात होता. नव्या संगणकावरील विंडोज ११ प्रोच्या २०२४ साली आलेल्या २४एच२ आवृत्तीत ही वाट मुळातच बंद ठेवलेली आहे.

त्याआधी एका दुरुस्ती करणाऱ्याने फायरवॉल बंद करून एसएमबीची, म्हणजे नेटवर्कवरून फाइलींची देवाणघेवाण करणाऱ्या पद्धतीची, पहिली आवृत्ती सुरू करण्याचा सल्ला दिला होता. तो आपण ठामपणे मोडून काढलात, याचे मोल मला सर्वांत अधिक वाटते. मे २०१७ मध्ये वॉनाक्राय हा खंडणीखोर विषाणू याच जुन्या आवृत्तीतील त्रुटीचा फायदा घेऊन जगभर पसरला होता, हे आपण सांगितलेत तेव्हा आमच्या नोंदी किती उघड्यावर पडल्या असत्या, याची मला जाणीव झाली.

मग आपण सर्व्हरवर देवघेव विभागाचे स्वतंत्र खाते पासवर्डासह उघडून घेतलेत. फोल्डर उघडले, पण नोंद जतन होईना. तेव्हा आपण समजावलेत की नेटवर्कवरून येणाऱ्याला दोन परवानग्या लागतात, एक शेअरिंगची आणि दुसरी खुद्द फोल्डरच्या सुरक्षेची, आणि दोहोंपैकी जी कडक असेल तीच चालते. आमच्याकडे पहिलीत बदल करण्याची मुभा होती, दुसरीत मात्र केवळ वाचनाची. सर्व्हरचा आयपी पत्ताही, म्हणजे नेटवर्कवरचा त्याचा क्रमांकही, आपण राउटरमध्ये कायमचा राखून ठेवायला लावलात.

गेल्या शनिवारी दोन्ही प्रती ताडून एक केल्या आणि ती चाळीस पुस्तके आता देवघेवीच्या टेबलावरूनच सापडतात. वाचनकक्षातील संगणकाला, आपल्या सूचनेप्रमाणे, फक्त वाचनाची परवानगी ठेवली आहे. आपण मानधन घेतले नाहीत. निदान एकदा वाचनालयात यावे, ते दिवाळी अंक त्या पडद्यावर आपल्याला दाखवण्याची आमची इच्छा आहे.

आपली नम्र,
ग्रंथपाल