मांडवी एक्स्प्रेसमधल्या मंडळींचे आभार

सासूबाईंच्या एकसष्टीचा केक घेऊन मी कुडाळला निघाले होते. त्यांना दूध सोसत नाही, म्हणून नारळाच्या दुधातला. गाडीत पाय ठेवायला जागा नाही! खिडकीजवळच्या काकूंनी न विचारता डबा मांडीवर घेतला आणि करबुड्याच्या साडेसहा किलोमीटरच्या बोगद्यातही झाकण दोन्ही हातांनी धरून बसल्या. कुडाळला दारातल्या पोरांनी गर्दी हटवून मला डब्यासकट उतरवलं. नावं विचारायची राहूनच गेली. सगळ्यांचे मनापासून आभार. केक शाबूत पोचला, सासूबाईंनी दोनदा मागून घेतला (एरवी नावं ठेवतात!). काकू, तुम्हाला प्रमाण हवं होतं ना? दीड वाटी मैदा, वाटीभर साखर, वाटीभर नारळाचं दूध, पाव वाटी तेल, छोटा चमचा सोडा. व्हिनेगर मोठा चमचाभर, अगदी शेवटी.