रविवारचं कथावाचन: या वेळी ११ वाजता

सभासद पालकांनो, रविवारचं कथावाचन नेहमीच्या १० ऐवजी ११ वाजता आहे. खोली आधी रिकामी नाही. गोष्ट खरी आहे. १९४९ साली ‘ॲमेथिस्ट’ ही ब्रिटिश युद्धनौका चीनमधल्या यांगत्से नदीत तोफांच्या माऱ्यात सापडली आणि महिनोन्महिने अडकून पडली. नौकेवरचा सायमन बोका जबर जखमी झाला, पण सावरताच पुन्हा उंदरांमागे लागला, म्हणून शिधा वाचला. प्राण्यांच्या शौर्यासाठीचं डिकिन पदक मिळालेलं आजवरचं हे एकमेव मांजर!

इंग्लंडला पोहोचल्यावर मात्र विलगीकरणात असतानाच सायमन गेला. हा भाग आम्ही गाळणार नाही. त्यामुळे अगदी लहान भावंडांना आणायचं की नाही, तुम्हीच ठरवा. मागच्या वेळी नेलेली पुस्तकं कृपया सोबत आणा.